घडलेले कवच आणि घडणारे कवच

१

समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तरंगत राहणारे कित्येक एकपेशीय जीव पाण्यात विरघळलेली द्रव्ये उचलतात आणि त्यांपासून खनिजाची रचना उभी करतात. कॉकोलिथधारी शैवले आणि बहुतेक फोरॅमिनिफेरा हे काम चुन्यात, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटमध्ये करतात. डायटम आणि बहुतेक रेडिओलेरिया ते सिलिकेत, म्हणजे एका परीने काचेत करतात. जीव मेला की त्याचा मऊ देह नाहीसा होतो. कवच तळाशी जाते, त्याचा गाळ होतो आणि लक्षावधी वर्षांनी त्या गाळाचा खडक होतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पांढरे कडे मुख्यतः अशाच कवचांचे बनलेले आहेत.

अभ्यासकाच्या दृष्टीने या घटनेत एक मूलभूत अडचण आहे. ज्याने घडविले तो उरत नाही. जे घडले तेवढेच हाती येते. म्हणून या विषयावरील लेखनाचा इतिहास हा पुष्कळ अंशी घडून गेलेल्या वस्तूवरून तिच्या घडण्याविषयी तर्क करण्याचा इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ही अडचण परकी वाटू नये. त्याच्याही समोर सिद्ध कृती असते, निर्मितीची प्रक्रिया नसते. आणि कृतीचा घाट नीट न्याहाळला म्हणजे ती कशी निर्माण झाली हेही कळले, असा भ्रम त्यालाही वारंवार होतो.

प्रस्तुत लेखात या विषयावरील तीन प्रसिद्ध कृतींचा विचार करावयाचा आहे: टॉमस हक्स्ले यांचे खडूच्या तुकड्यावरील १८६८ सालचे व्याख्यान, एर्न्स्ट हेकेल यांचा रेडिओलेरियावरील १८८७ सालचा अहवाल व त्याच्याच वळणाचा ‘निसर्गातील कलारूपे’ हा १८९९ ते १९०४ या काळात प्रसिद्ध झालेला चित्रसंग्रह, आणि डार्सी टॉमसन यांचा ‘वाढ आणि आकार’ हा ग्रंथ, ज्याची पहिली आवृत्ती १९१७ साली व वाढविलेली दुसरी १९४२ साली निघाली. तिन्ही कृती अद्याप वाचल्या जातात आणि त्या वाचनीय आहेतही. परंतु त्यांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा ही एकाच मुळातून आलेली आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिघेही सिद्ध आकाराचे असामान्य वाचक होते. आणि आकार आपली जन्मकथा आपणच सांगतो, असा तिघांचाही विश्वास होता. तो विश्वास कोठवर टिकला हे पाहणे हा केवळ इतिहासाचा प्रश्न नाही. आजचा एक महत्त्वाचा वाद त्याच्याशी जोडलेला आहे.

२

हक्स्ले यांनी हे व्याख्यान ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनाच्या निमित्ताने नॉरिच येथील कामगारांपुढे दिले. शहराच्या मध्यभागी विहीर खणली तर खालच्या थरांत काय लागेल, या घरगुती प्रश्नापासून ते आरंभ करतात. सुताराच्या खिशातील खडूचा तुकडा, त्याचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे कण, अटलांटिक महासागराच्या तळावरून वर काढलेला गाळ आणि त्यात सापडणारी तशीच कवचे, असा एकेक दुवा ते जुळवीत जातात. आणि श्रोत्याला न थकविता, आजची जमीन एके काळी खोल समुद्राचा तळ होती, या निष्कर्षापर्यंत त्याला नेऊन पोहोचवितात. कोठेही उडी नाही, अधिकारवाणीचा धाक नाही. शास्त्रीय गद्याचा वस्तुपाठ म्हणून हे व्याख्यान आजही पदव्युत्तर वर्गात वाचावे, इतक्या योग्यतेचे आहे.

त्याच्या मागचा इतिहास मात्र व्याख्यानाइतका सरळ नाही. जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी १८३६ सालीच र्‍यूगेन बेटावरील खडूत लंबवर्तुळाकार सूक्ष्म चकत्या पाहिल्या होत्या. परंतु त्या निर्जीव स्फटिकरचना आहेत असे त्यांचे मत पडले. पुढे १८५७ साली ‘सायक्लॉप्स’ या जहाजाने अटलांटिकच्या तळाचे नमुने आणले. मद्यार्कात ठेवलेला तो गाळ हक्स्ले यांनी तपासला आणि त्यातील तशाच चकत्यांना १८५८ साली ‘कॉकोलिथ’ हे नाव दिले. त्यांच्या सजीव उत्पत्तीविषयी त्यांनाही त्या वेळी शंकाच होती. नंतर वॉलिच यांना या चकत्या एका गोलाभोवती नीट रचलेल्या आढळल्या. आणि सॉर्बी यांनी १८६१ साली खडूतील व समुद्रगाळातील चकत्या एकच असल्याचे दाखवून त्या सजीवाच्या कृती आहेत, असे प्रतिपादन केले. हे श्रेय हक्स्ले आपल्या व्याख्यानात मोकळेपणाने देतात. स्वतःची पूर्वीची शंकाही ते झाकून ठेवीत नाहीत.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. तथापि व्याख्यानाची तर्कपद्धती बारकाईने पाहिली तर ती एकाच आधारावर उभी आहे असे दिसते. तो आधार म्हणजे आकाराचे सादृश्य. खडूतील कवच आणि गाळातील कवच सारखे. म्हणून दोहोंचे मूळ सारखे. हा तर्क त्या प्रश्नापुरता अचूक आहे. परंतु कवच कोणी केले आणि कोठे केले, हे प्रश्न आले की तोच तर्क अपुरा पडतो. ग्लोबिजेरिना नावाच्या फोरॅमिनिफेराची कवचे तळाशी सापडतात, तेव्हा ते जीव तळाशीच जगत असावेत, असा हक्स्ले यांचा कौल होता. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ या सफरीत पृष्ठभागाजवळ बारीक जाळी ओढून पाहिली गेली, तेव्हा त्यांत ते जिवंत सापडले. जेथे प्रेत, तेथेच घर, असे मानल्यामुळे झालेली ती चूक होती.

याहून मोठी चूक त्याच वर्षी घडली. मद्यार्कात दहा वर्षे ठेवलेल्या त्या गाळात हक्स्ले यांना एक बुळबुळीत पदार्थ आढळला. तो जीवनरसाचा आदिम थर असून कॉकोलिथ हे त्याचेच कठीण अवयव आहेत, असे त्यांनी ठरविले आणि हेकेल यांच्या नावावरून त्यास ‘बॅथिबियस हेकेली’ असे नाव दिले. कवचांना कर्ता हवा होता. तो बाटलीतच सापडल्यासारखे झाले. पुढे ‘चॅलेंजर’वरील रसायनशास्त्रज्ञ ब्यूकॅनन यांनी दाखविले की समुद्राच्या पाण्यात तीव्र मद्यार्क मिसळला असता कॅल्शियम सल्फेटचा जो साका बसतो, तोच हा ‘जीव’ होय. हक्स्ले यांनी १८७५ साली चूक जाहीरपणे मान्य केली. त्यांच्या या प्रामाणिकपणाचे कौतुक नेहमी होते, आणि ते योग्यच आहे. परंतु समीक्षकाने येथे थांबू नये. चकत्या एका लहान गोलावर रचलेल्या असतात, हे वॉलिच यांचे निरीक्षण हक्स्ले यांच्यासमोर होते, व्याख्यानात त्याचा उल्लेखही आहे. कर्ता त्या गोलाच्या आत, गोलाएवढाच असला पाहिजे, असे तो पुरावा सांगत होता. हक्स्ले यांनी सुट्या चकत्यांचा आकार वाचला. त्यांची मांडणी वाचली नाही.

खरा कर्ता सापडण्यास आणखी कित्येक वर्षे लागली, कारण तो नेहमीच्या जाळ्यांतून निसटून जाई. हान्स लोमान यांनी जाळ्यातून गळून जाणाऱ्या या सूक्ष्म तरंगजीवांचा पाठपुरावा केला, आणि १९०२ सालच्या आपल्या प्रबंधात या शैवलांची पहिली पद्धतशीर मांडणी केली. आज सर्वांत अधिक अभ्यासली जाणारी जाती त्यातच वर्णिलेली आहे. १९६७ साली तिला ‘एमिलियानिया’ हे वंशनाम मिळाले. तिचे जातिनाम मात्र लोमान यांनी ‘हक्स्लेई’ असेच ठेवले होते. ज्यांनी तिच्या चकत्यांना नाव दिले पण तिला पाहिले नाही, त्यांचेच नाव ती धारण करीत आहे.

३

हेकेल यांच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. जिवंत रेडिओलेरिया त्यांनी पाहिले नव्हते असे म्हणता येणार नाही. १८५९-६० साली मेसिना येथे त्यांनी ते ताजे पकडून अभ्यासिले आणि १८६२ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. परंतु त्यांची कीर्ती ज्या कामावर उभी आहे ते ‘चॅलेंजर’च्या संग्रहावरील आहे. त्या अहवालात अठराशे पृष्ठे व १४० चित्रपट असून साडेतीन हजारांहून अधिक जाती प्रथमच वर्णिलेल्या आहेत. एका माणसाने हे काम पुरे केले, यावर सहजी विश्वास बसत नाही. लिथोग्राफर आडोल्फ गिल्च यांच्या हातून उतरलेली त्यांची चित्रे पाहताना तर वाचकाची टीकाबुद्धी थोडा वेळ स्तब्ध होते. जाळीदार गोलात गोल, त्यांतून निघालेले भाले, कमानी, मुकुट! १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनाचे प्रवेशद्वार रने बिने यांनी अशाच एका रेडिओलेरियावरून रचले, यात नवल नाही.

परंतु या चित्रांविषयी दोन आक्षेप घेणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप त्यांच्या सुबकतेविषयी आहे. हेकेल यांनी जीवांचे वर्गीकरण पुष्कळ अंशी भूमितीच्या आधारे केले. अक्ष किती, सममिती कोणती, हे त्यांचे मुख्य प्रश्न होते. त्यामुळे चित्रात नमुन्यातील वाकडेपणा, अर्धवटपणा, मोडतोड यांना जागा उरली नाही. वस्तुतः घडण समजून घ्यावयाची तर अर्धवट नमुनेच सर्वांत बोलके असतात, कारण कोणता भाग आधी आला व कोणता मागाहून, हे तेच सांगतात. पूर्ण झालेला गोल याविषयी मौन पाळतो. निर्दोष नमुन्याची निवड करून हेकेल यांनी, नकळत का होईना, प्रक्रियेचा पुरावाच बाजूला सारला.

दुसरा आक्षेप द्रव्याविषयी आहे. ‘अकँथारिया’ या गटाचे सांगाडे हेकेल यांनी अप्रतिम चितारले. मध्यबिंदूतून निघणाऱ्या वीस काट्यांची त्यांची रचना कोणालाही मोहात पाडील. पण ते काटे कशाचे आहेत? हेकेल यांच्या मते ते ‘अकँथिन’ नामक एका सेंद्रिय पदार्थाचे होते. ब्युच्ली यांनी १९०६ साली रासायनिक परीक्षा केली तेव्हा ते स्ट्रॉन्शियम सल्फेटचे आहेत असे ठरले. म्हणजे समुद्रात अत्यल्प प्रमाणात असणारे स्ट्रॉन्शियम वेचून त्याचा सांगाडा करणारा हा जीव खनिजनिर्मितीच्या दृष्टीने अपूर्व होता. आणि ज्याने त्याचे सौंदर्य जगाला दाखविले, त्यालाच ही अपूर्वता दिसली नाही. आकार हाती आला, द्रव्य हातून निसटले. आकाराच्या रसिकतेला एवढी किंमत मोजावी लागते.

४

डार्सी टॉमसन यांचा ग्रंथ हा एका अर्थाने हेकेल यांना दिलेले उत्तर आहे. हेकेल आकारांची यादी करतात. टॉमसन त्यांची कारणे विचारतात. आणि कारण शोधण्यासाठी ते वंशपरंपरेकडे किंवा उपयोगाकडे धाव घेत नाहीत. ते साबणाच्या फेसाकडे जातात. बुडबुडे एकमेकांस टेकले की पृष्ठताणामुळे त्यांच्या भिंती ठराविक कोनांतच मिळतात. जीवाच्या शरीरातील फेसाळ थरातही तसेच होत असावे आणि बुडबुड्यांच्या मधल्या फटींत खनिज साचले की जाळीदार सांगाडा तयार होत असावा, अशी त्यांची उपपत्ती आहे. ‘कॅलिमिट्रा’ या रेडिओलेरियाची तारेच्या चतुष्फलकात धरलेल्या साबणाच्या पापुद्र्याशी त्यांनी केलेली तुलना एकदा वाचली की विसरता येत नाही. चुन्याचे गोलक प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनविणाऱ्या हार्टिंग यांच्या १८७२ सालच्या प्रयोगांचेही त्यांनी अगत्याने विवरण केले आहे.

टॉमसन यांच्या पद्धतीचे तेज एका उदाहरणात विशेष दिसते. हेकेल यांनी ‘ऑलोनिया हेक्सॅगोना’ हा षट्कोनी जाळीचा गोल चितारला आहे. ऑयलरच्या सूत्राचा आधार घेऊन टॉमसन म्हणतात की जेथे तीन-तीन कडा एकत्र येतात अशा बंद पृष्ठावर निव्वळ षट्कोन बसूच शकत नाहीत. केवळ पंचकोन मिसळून पृष्ठ पुरे करावयाचे तर ते नेमके बारा लागतील. मग ते हेकेल यांच्याच वर्णनाकडे वळतात आणि षट्कोनांत काही चौकोन व पंचकोन असल्याचा उल्लेख त्यात आहे हे दाखवून देतात. जातीचे नाव आणि चित्राचा परिणाम ‘षट्कोन’ असे सांगत होता. वर्णनाची एक ओळ आणि साधे गणित त्याविरुद्ध साक्ष देत होते. चित्राला प्रश्न विचारावयाचा तो असा. तिन्ही लेखकांत टीकाकाराची दृष्टी सर्वांत तीक्ष्ण कोणाची, असे विचारले तर प्रस्तुत लेखक निःसंशय टॉमसन यांचे नाव घेईल.

आणि तरीही मूळ दोष राहतोच. आकार हा त्याला घडविणाऱ्या बलांचा आलेख आहे, हा टॉमसन यांचा सिद्धांत. परंतु आलेखावरून बले ओळखताना एकच आलेख अनेक मार्गांनी निघू शकतो, हे त्यांनी पुरेसे लक्षात घेतले नाही. साबणाचा फेस आणि रेडिओलेरियाचा सांगाडा सारखे दिसतात, यावरून दोहोंची घडण सारखी असणे संभवते. ते सिद्ध होत नाही. हक्स्ले यांच्या व्याख्यानातील सादृश्याचा तर्कच येथे गणिताची वस्त्रे लेवून परत आला आहे. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले की डायटममध्ये सिलिका साचते ती पेशीच्या आतील एका खास पुटिकेत, पटलाने वेढलेल्या जागेत. आणि रेडिओलेरियातही ती जीवद्रव्याच्या एका पातळ वेष्टनाच्या आत साचते. बुडबुड्यांमधील मोकळ्या फटीत ती आपोआप भरत नाही. टॉमसन यांचा फेस अगदी निरुपयोगी ठरला असे नव्हे. पुटिकांचे दाब आणि त्यांची मांडणी यांचा आकाराशी संबंध आहेच. परंतु पेशी ही फेसाप्रमाणे निष्क्रिय नसते. ती साचा तयार करते, द्रव्य आणून पोचविते, केव्हा थांबावयाचे तेही ठरविते. टॉमसन यांच्या ग्रंथातून गळून गेले ते नेमके हे ‘करणे’.

५

ते ‘करणे’ अभ्यासाच्या कक्षेत कसे आले, याचा इतिहास वरील तीन ग्रंथांइतका वाचकप्रिय नाही. तो लहान-लहान शोधनिबंधांत विखुरलेला आहे. पण पद्धतीच्या दृष्टीने तोच अधिक शिकविणारा आहे.

त्यातील पहिली पायरी अर्थातच साधनांची. ऑस्लो येथील ब्रॉरुड व नॉर्डली यांनी १९५२ साली एमिलियानिया हक्स्लेईचे कॉकोलिथ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. साध्या सूक्ष्मदर्शकाला जी केवळ एक पुसट चकती दिसे, ती हातोडीच्या आकाराच्या घटकांची, एकमेकांत गुंतलेली, दोन थाळ्यांची रचना निघाली. आणि पुढे असेही ठरले की यांतील प्रत्येक घटक हा कॅल्साइटचा एक अखंड स्फटिक आहे. प्रयोगशाळेत वाढणारा कॅल्साइट समांतरफलकांच्या कंटाळवाण्या आकारात वाढतो. तोच पदार्थ येथे वाकतो, वळतो, शेजाऱ्यात अडकतो. ही चकती दोन-चार मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या काही सहस्रांशांएवढी असते.

परंतु साधन सुधारले म्हणजे प्रश्न आपोआप सुधारतो असे नाही. हेकेल यांची यादी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानेही पुढे चालविता आली असती, आणि काही काळ तसे झालेही. खरे वळण मिळाले ते जीव जिवंत वाढविण्यामुळे. इंग्लंडमधील प्लिमथ येथे मेरी पार्क व ॲडम्स यांनी ‘कॉकोलिथस पेलॅजिकस’चे संवर्धन केले आणि १९६० साली जाहीर केले की त्याच्या पेशींपासून एक पोहणारी अवस्था निघते, आणि ही अवस्था म्हणजे ‘क्रिस्टलोलिथस हायालिनस’ या नावाने स्वतंत्रपणे नोंदलेला जीव होय. एकाचे कॉकोलिथ मोठ्या, गुंतलेल्या स्फटिकांचे. दुसऱ्याचे अतिसूक्ष्म, एकसारख्या स्फटिकांच्या मांडणीचे. आकारांत काडीचेही साम्य नाही, म्हणून वर्गीकरणात दोन वंश. आणि काचपात्रात ते एकाच जीवाच्या आयुष्यातील दोन अवस्था म्हणून प्रकट झाले. केवळ कवचावरून कर्ता ओळखण्याच्या पद्धतीला याहून मोठा धक्का कोणता असणार? हक्स्ले सादृश्यावरून एकत्व काढीत होते. येथे असादृश्याच्या पोटात एकत्व निघाले.

यानंतरचे प्रश्न घडणीचे होते. पाशे यांनी १९६० नंतरच्या दशकात किरणोत्सारी कार्बनाचा उपयोग करून पेशी किती कार्बन चुन्यात घालते आणि किती प्रकाशसंश्लेषणात, हे वेगवेगळे मोजले. चुना बांधण्याची क्रिया प्रकाशावर अवलंबून आहे हे त्यामुळे स्पष्ट झाले. आयरीन मॅन्टन व लीडेल यांनी पेशींचे अतिपातळ छेद घेऊन कॉकोलिथ पेशीच्या आतच कसे आकारास येतात हे दाखविले. लायडन येथे वेस्टब्रुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉकोलिथाशी निगडित असलेल्या आम्लधर्मी बहुशर्करा वेगळ्या काढल्या. स्फटिकाची वाढ रोखण्याचे व तिला वळण लावण्याचे काम ही द्रव्ये करतात, असे मानले जाते.

या सर्वांतून आज जे चित्र उभे राहते ते थोडक्यात असे. पेशीच्या आत, गॉल्जी पिंडातून उत्पन्न झालेल्या एका पुटिकेत, प्रथम सेंद्रिय द्रव्याचा लंबवर्तुळाकार तळखवला तयार होतो. त्याच्या कडेने कॅल्साइटचे बारीक स्फटिककण एका वलयात बसतात. जेरेमी यंग व सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखविल्याप्रमाणे त्यांची मांडणी आळीपाळीची असते: एका स्फटिकाचा मुख्य अक्ष उभा, तर शेजारच्याचा त्रिज्येच्या दिशेने. हे आरंभीचे वलय ठरले की पुढील वाढीची दिशा पुष्कळ अंशी ठरते. कॉकोलिथ पुरा झाला की पुटिका पेशीपटलाशी एकरूप होते आणि ती चकती बाहेर सरकविली जाऊन आधीच्या चकत्यांत बसते. पेशीच्या अंतर्गत आधारतंतूंना बाधा आणणारी द्रव्ये दिली तर चकत्या विद्रूप होतात. म्हणजे पुटिकेला आकार देण्यात त्या तंतूंचा हात आहे. चुना बांधताना पेशीत जे हायड्रोजन आयन सुटतात ते बाहेर टाकले नाहीत तर पेशीतच आम्लता साचेल. त्यासाठी पेशीपटलात खास वाहिन्या असल्याचे २०११ साली प्लिमथ येथील संशोधकांनी दाखविले.

एरेनबर्ग यांनी ज्या चकतीस निर्जीव स्फटिक म्हटले, ती खरोखरच स्फटिकांची आहे. हक्स्ले यांनी तिच्यामागे जीवनरस कल्पिला, तोही आहे. टॉमसन यांना हवी असलेली भौतिक बलेही आहेत. चुकले ते एवढेच, की प्रत्येकाने यांतील एक घटक पूर्ण स्पष्टीकरण म्हणून पुढे केला.

६

हा वाद जुना झाला असे कोणी म्हणेल. तसे नाही, हे दाखविण्यास एक उदाहरण पुरे आहे.

मनुष्याने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो, आणि त्यामुळे समुद्राचे पाणी हळूहळू आम्लतेकडे झुकत आहे. अशा पाण्यात चुन्याची कवचे करणाऱ्या जीवांचे काय होईल? रीबेसेल व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कार्बन डायऑक्साइड वाढताच एमिलियानिया हक्स्लेई व तिच्या जवळची एक जाती यांचे चुना बांधण्याचे प्रमाण घटले आणि विद्रूप कॉकोलिथ वाढले. याउलट इग्लेसियास-रोड्रिगेझ व सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या प्रयोगांत त्याच जातीच्या पेशींनी अधिक चुना बांधला. दोन्ही निबंध नामांकित नियतकालिकांतले, दोन्ही काळजीपूर्वक केलेले. पुढील वर्षी लांगर व सहकाऱ्यांनी त्या जातीचे चार वेगवेगळे वाण तपासले, तेव्हा त्यांचे प्रतिसादच निरनिराळे निघाले. आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकसंहितेच्या अभ्यासानेही वाणावाणांतील जनुकसंचय बराच भिन्न असल्याचे उघड केले.

याचा अर्थ असा की ज्या कवचास पाहून आपण ‘ही अमुक जाती’ असे म्हणतो, त्या एकाच आकाराच्या आड अनेक प्रकारचे कर्ते असू शकतात. आणि परिस्थिती बदलली असता ते एकसारखे वागतील असे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच समुद्रतळावरील जुन्या चकत्यांच्या जाडीवरून वा वजनावरून गतकाळच्या समुद्राविषयी अनुमान काढताना घडणीचे ज्ञान हाताशी नसेल, तर आपण हक्स्ले यांच्या बाटलीपाशीच परत येऊन उभे राहू.

दुसरीही एक गैरसमजूत येथे निवारावयास हवी. चुन्याचे कवच म्हणजे बंदिस्त केलेला कार्बन, म्हणून ते जितके अधिक तितका हवेतील कार्बन डायऑक्साइड कमी, असे सकृद्दर्शनी वाटते. रसायन निराळे सांगते. बायकार्बोनेटपासून कॅल्शियम कार्बोनेट तयार होताना कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मोकळा होतो. पांढरे कडे पाहून जे वाटते आणि पुटिकेत जे घडते, त्यांत असे अंतर आहे.

अखेरीस आपल्या शब्दाविषयी. मराठीत या रचनांना आपण ‘कवच’ म्हणतो, आणि या लेखातही तोच शब्द वापरला आहे. परंतु हा शब्द निर्दोष नाही. कवच म्हटले की संरक्षण आलेच. उपयोगाचा निर्णय शब्दातच होऊन जातो. डायटमच्या काचेविषयी तो निर्णय बराचसा मान्य करता येईल. ती काच चिरडण्यास केवढे बल लागते हे २००३ साली प्रत्यक्ष मोजले गेले आहे. कॉकोलिथांविषयी मात्र मतभेद आहेत. भक्षकांपासून बचाव, तीव्र प्रकाशाचे नियमन, विषाणूंना अडथळा, असे अनेक पर्याय मांडले गेले आहेत; आणि चकत्या करण्याचे सोडून दिलेले वाण प्रयोगशाळेत खुशाल वाढत राहतात. तरीही आपल्या परंपरेत या शब्दाची एक निराळी छटा आहे, ती येथे उपयोगी पडेल. कर्णाचे कवच लोहाराने घडवून अंगावर चढविलेले नव्हते; ते त्याच्या देहाबरोबरच आलेले होते, आणि काढावयाचे तर अंगापासून कापूनच काढावे लागले. कॉकोलिथाचा जन्मही देहातच होतो, मग तो बाहेर येतो. ‘कवच’ हा शब्द ठेवावयाचाच असेल तर चिलखताच्या अर्थाने न ठेवता या सहजाताच्या अर्थाने ठेवावा.

हक्स्ले, हेकेल आणि टॉमसन यांचे ग्रंथ बाजूस सारावेत असे या विवेचनावरून कोणी समजू नये. हक्स्ले यांची साखळी, हेकेल यांची दृष्टी आणि टॉमसन यांचे गणित यांवाचून पुढील प्रश्न सुचलेच नसते. परंतु विद्यार्थ्याने ते वाचताना प्रत्येक चित्रापाशी आणि प्रत्येक सादृश्यापाशी थांबून विचारावे, की हे घडत असताना कोणी पाहिले आहे काय? जेथे उत्तर ‘नाही’ असे येईल, तेथे सौंदर्याचा आस्वाद जरूर घ्यावा. निष्कर्ष मात्र राखून ठेवावा.